फेब्रुवारी की माघ? सातवी ब च्या प्रकल्पाच्या नोंदी

२९ जानेवारी २०२५, बुधवार

आज मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये फर्मान काढलं, की जिन्यासमोरचा मोठा फळा २८ फेब्रुवारीपर्यंत सातवी ब ने भरायचा, विषय ‘फेब्रुवारीतले पारंपरिक सण आणि शाळेतले दिवस’. म्हणजे माझ्याच गळ्यात. मागच्या वर्षीच्या फळ्यावर नेटवरून प्रिंट काढलेली माहिती आणि थर्माकोलचा सूर्य होता, कोणी थांबून वाचल्याचं मला आठवत नाही. यंदा पोरांना एकच अट घातली, पहिली माहिती घरातल्या नाहीतर शेजारच्या साठीपुढच्या माणसाकडून आणायची, मोबाईल त्यानंतर. ३८ पोरं, पाच गट. दर आठवड्याला मी इथे लिहीत जाईन म्हणजे शेवटी रिपोर्ट लिहिताना डोकं खाजवायला नको.

वर्गातलं भिंतीवरचं कालनिर्णय काढून बाकावर पसरलं तर एक गंमत दिसली, माघ उद्या ३० तारखेला सुरू होतोय आणि २७ फेब्रुवारीला अमावास्येला संपतोय. म्हणजे यंदा माघ आणि फेब्रुवारी जवळजवळ एकावर एक बसलेत. तेव्हा वाटलं बरंय, काम सोपं झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणपती. अर्धी शाळा, त्यात निम्मी पोरं गैरहजर, कारण किसननगर, लोकमान्यनगर, कळवा सगळीकडे मंडप. माझ्या लहानपणी ठाण्यात माघी गणपती म्हणजे देवळात जाऊन नारळ फोडणे इतकंच होतं, आता मूर्ती, डीजे, वर्गणी सगळं भाद्रपदासारखं. जी पोरं आली त्यांनी रास्त प्रश्न विचारला, “बाई, एका देवाचे दोन वाढदिवस कसे?” गट १ ला तोच विषय दिला.

दुपारपर्यंत एकीने आज्जीला फोन लावून उत्तर आणलं. भाद्रपदातली चतुर्थी ही मातीची मूर्ती करून पुजायची, पार्थिव गणेशाची, पूजा झाली की विसर्जन. माघ शुद्ध चतुर्थी हा गणेशजन्माचा दिवस, तिळकुंद चतुर्थी पण म्हणतात, नैवेद्याला तिळाचे लाडू. मोरगावला भाद्रपदात आणि माघात दोन्ही वेळा यात्रा असते हेही आज्जीनेच सांगितलं. तीळ का, तर थंडी अजून गेलेली नसते, एवढं पोरांनी स्वतःच लावलं. मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सकाळी भांडण. एक मुलगा पिवळा शर्ट घालून आला, युनिफॉर्म का नाही विचारलं तर म्हणे आज बसंत पंचमी. बाकी सगळे ओरडले, ती काल झाली, कालनिर्णयात २ तारीख आहे. त्याचे घरचे मूळचे प्रयागराजकडचे, आजोबा म्हणाले आजच, आणि तिकडे कुंभमेळ्यातलं वसंत पंचमीचं अमृतस्नान पण आजच आहे.

दोघंही बरोबर! पंचमी रविवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास लागली आणि सोमवारी सातच्या जरा आधी संपली. तिथी चंद्रावर चालते, घड्याळातल्या बारा वाजण्याशी तिचं काही देणंघेणं नाही, ती कधीही लागते कधीही संपते, मग कोणी पूजेच्या वेळी कुठली तिथी आहे ते बघतो, कोणी सूर्य उगवताना कुठली आहे ते. फळ्यावर दोन रेषा काढून दाखवलं तेव्हा कुठे शांत झाले. गणिताचा तास यात गेला, गणिताच्या सरांनी जाब विचारला, म्हटलं सर हेही गणितच आहे.

गट २ चं म्हणणं, वसंत पंचमीला आपल्याकडे फार काही नसतंच. तसं खरंय, सरस्वतीपूजन आपल्याकडे शाळेत दसऱ्याला होतं, पाटीवर एकांची सरस्वती काढून झेंडूचं फूल वाहायचं. (मला अजून काढता येते. वर्गात चार जणींना येत होती, मुलग्यांत एकालाही नाही.) बंगालात मात्र शाळा-कॉलेजात मोठा सोहळा याच दिवशी, पोरं त्या दिवशी पुस्तकं देवीपुढे ठेवून देतात आणि अभ्यासाला सुट्टी. ही प्रथा आपल्याकडे ताबडतोब चालू करा असा ठराव वर्गाने एकमताने मंजूर केला. मग एकाने हळूच सांगितलं, आमच्या घरी वारी आहे, आजोबा म्हणतात वसंत पंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. झालं, गट २ ला विषय मिळाला. अक्षता, मुंडावळ्या, सगळं चार्टवर येणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. आजचा दिवस लिहिताना हसू येतंय पण सकाळी अजिबात येत नव्हतं.

ठरलं होतं असं, की सात वाजता मैदानावर सगळ्यांचे बारा सूर्यनमस्कार, मग पूर्वेला तोंड करून मातीच्या बोळक्यात दूध उतू घालायचं. अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर दूध तापवायचं, ते उतू गेलं पाहिजे, तोच सूर्याला नैवेद्य. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांनी हे बघितलेलंच नसतं, घरी दूध उतू गेलं की ओरडा बसतो, इथे मुद्दाम घालवायचं म्हणून सगळे खूश. बोळकी संक्रांतीची उरलेली सुगडं, पंधराएक जमली. गोवऱ्या जांभळी नाक्यावरून शिपाई मामांनी आणल्या.

सूर्यनमस्कार छान झाले. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूष्ण इथपर्यंत सगळे खणखणीत आवाजात, हिरण्यगर्भला अडखळले, पुढची मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर पीटी सर एकटेच म्हणत होते. नंतर सरांनी पाच मिनिटं औंधच्या राजांबद्दल सांगितलं. भवानराव पंतप्रतिनिधी, औंध म्हणजे साताऱ्याकडचं संस्थान, पुण्यातलं औंध नव्हे. स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांत पोरांकडून घालून घ्यायचे. आज शाळाशाळांत जो सामूहिक प्रकार दिसतो त्याच्यामागे या माणसाचा मोठा हात आहे. सण जुना, पण मैदानात रांगा लावून, आकडे मोजत करायची पद्धत गेल्या शंभरेक वर्षांतली. हे मला चार्टवर ठळक अक्षरात हवंय, कारण पोरांना वाटतं सगळं पुराणकाळापासून आहे तस्संच चालू आहे.

आता दूध. गोवऱ्या ओलसर, नुसता धूर. पहिली ते चौथीचे वर्ग वरच्या मजल्यावर, खिडक्या उघड्या, तिथून दोन बाई ओरडत खाली. पीटी सर पुठ्ठ्याने वारा घालतायत, मामा रॉकेल कुठे मिळतं का बघतायत (मी नको म्हटलं), शेवटी कापूर टाकला तेव्हा पेटलं. आणि पेटल्यावर पाच मिनिटांत पहिलं सुगड तडकलं, दूध सगळं राखेत. मग दुसरं. मामा तेव्हा म्हणाले, “बाई, रात्रभर पाण्यात ठेवायची असतात हो.” हे आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं! तिसऱ्यात दूध कमी पडलं, उतू जाईना, पोरं घोळका करून “जा ना जा ना” करतायत, एकाने गुपचूप वॉटरबॅगमधलं पाणी ओतलं आणि मग गेलं. पूर्वेकडे गेलं असं सगळ्यांनी जाहीर केलं. मी होकायंत्र काढायला गेले नाही.

घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, तडकलं तर तडकलं, पण हळदीकुंकू आटपलंस का, आज शेवटचा दिवस. राहिलंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि लहान मुलांची बोरन्हाणं, त्यानंतर नाही, वाणाचे डबे पुढच्या वर्षीपर्यंत कपाटात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माहितीचे कागद तपासले. आज्जी-आजोबांचं नाव वर लिहायचं असं सांगितलं होतं. एकाच्या कागदावर “आजोबांनी सांगितले” आणि खाली ‘सौरमंडलातील ऊर्जेचे अधिष्ठान’ वगैरे वगैरे, मध्ये चौकटी कंसात आकडे तसेच ठेवलेले. त्याला विचारलं, आजोबा बोलताना कंसात आकडे म्हणतात का रे? वर्ग दहा मिनिटं हसत होता. (नंतरची भर:) सोमवारी खरं लिहून आणलं, तीन ओळी, की आजोबा गावाला असताना रथसप्तमीला अंगणात सात घोड्यांची रांगोळी काढायचे, घोडे जमायचे नाहीत म्हणून कुत्र्यांसारखे दिसायचे. हाच कागद मी फळ्याच्या मधोमध लावणारे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रकल्पातला सगळ्यात चांगला दिवस, आणि तो यादीत नव्हताच.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई टेंभी नाक्याजवळ राहतात, बेने इस्रायली आहेत, म्हणजे मराठी ज्यू. गट ४ मधल्या एकीच्या शेजारी. तिने अटीप्रमाणे त्यांना विचारलं, तुमचा फेब्रुवारीत कुठला सण? त्या म्हणाल्या आजच आहे, मीच येते शाळेत. डब्यात मलिदा घेऊन आल्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, मनुका, काजूबदाम, शेजारी कापलेली फळं. पोरांना वाटलं गोड पोहे. चव तशीच, पण ताट प्रार्थना म्हणून मांडलेलं.

त्यांनी सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहिते. सणाचं नाव तू बिश्वात, शेवात महिन्याची पंधरावी, ‘तू’ म्हणजे काय तर हिब्रूत अक्षरांनाच आकडे असतात, नऊचं अक्षर आणि सहाचं अक्षर मिळून पंधरा, त्याचा उच्चार तू. हे झाडांचं नवं वर्ष, त्या दिवशी फळं खायची. इकडच्या बेने इस्रायलींनी त्याला आपला एलियाहू हन्नाबी जोडला, म्हणजे संदेष्टा एलिया. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खूण आहे, एलियाचा रथ तिथून स्वर्गात गेला त्याची खूण मानतात, तिला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात, या दिवसांत तिथे जाऊन मलिदा करायचा. पूर्वज कसे आले याची गोष्ट पण सांगितली, गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात जोडपी वाचली, कोकणात तेलाचे घाणे चालवायला लागली आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक म्हणायला लागले शनवार तेली. आडनावं गावावरून, पेणकर, नागावकर. “मी नागावकर, आणि माझी मातृभाषा काय, सांगा?” विचारल्यावर पोरं गप्प. “अरे मराठी! आमची कीर्तनंसुद्धा मराठीत.”

टेंभी नाक्यावरचं सिनेगॉग, शाआर हाशामाईम, १८७९ चं आहे. रोज बसने त्याच्यासमोरून जाणारी बारा पोरं निघाली, एकालाही ती इमारत काय आहे ठाऊक नव्हतं. मलाही नोकरी लागून सहा वर्षं होईपर्यंत नव्हतं, ते सांगितलं नाही.

आणि मग मागच्या बाकावरच्या एका पोराने, जो एरवी खिडकीबाहेर बघत बसतो, हात वर केला. “बाई, काल माघी पौर्णिमा होती. यांचा पण महिन्याचा पंधरावा दिवस. म्हणजे चंद्र तोच ना?” वर्गात शांतता. बाई खूश होऊन म्हणाल्या, तोच की! त्यांचंही पंचांग चंद्राचं, एकोणीस वर्षांत सात जादा महिने घालून ऋतूंशी मेळ घालतात. आपला अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, हिशेब जवळपास तोच पडतो. आपला माघ आणि त्यांचा शेवात यंदा हातात हात घालून चाललेत. रथ सूर्याचा मैदानात मंगळवारी आणि एलियाचा गुरुवारी वर्गात, हे मला रात्री भांडी घासताना सुचलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दिवसभर वर्गात खुसूखुसू आणि एक गुलाब डस्टबिनमध्ये सापडला. फळ्यावर घ्यायचं का असा प्रश्न आला, मोठ्या बाई नाही म्हणाल्या, विषय संपला. पण त्यातून एक बरं झालं, फेब्रुवारी हे नाव कुठून आलं ते बघितलं. रोमन लोकांचा शुद्धीचा महिना, फेब्रुअम म्हणजे शुद्धी करायचं साधन, वर्षाच्या शेवटी घरदार मन सगळं साफ करायचं. पूर्वी तो त्यांचा शेवटचा महिना होता म्हणूनच दिवसांची काटछाट त्याच्या वाट्याला आली. “म्हणजे आपल्या होळीसारखं, बाई, जुनं जाळायचं.” असेल बुवा, पण चार्टवर “असेल बुवा” लिहिता येत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या शिवजयंती. गट ३ ची तालीम, लेझीम, पोवाडा, आणि दाढी चिकटवायचा गोंद शिवाजी महाराज होणाऱ्या पोराला उठतो म्हणून त्याच्या आईचा फोन. काजळाने काढायची ठरली.

पण खरा वाद तारखेचा. एका पोराचे वडील तिथीवाले, त्यांच्याकडे १७ मार्चला, फाल्गुन वद्य तृतीयेला. हा वाद जुना आहे आणि मला त्यात कोणाची बाजू घ्यायची नव्हती, म्हणून पोरांना पुरावा कसा असतो ते दाखवलं. आधी दोन वेगळ्या जन्मतिथी सांगितल्या जायच्या, एक शके १५४९ ची वैशाखातली आणि दुसरी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया. दुसरी कुठून आली, तर भोरजवळच्या कारीच्या जेध्यांच्या घरातल्या शकावलीतून, म्हणजे सालवार नोंदींतून. ते कागद लोकमान्य टिळकांकडे आले, १९१६ मध्ये छापले गेले. परमानंदाच्या शिवभारतातही हीच तिथी. नंतर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० धरली. म्हणजे तिथी आणि तारीख ही दोन वेगळी मतं नाहीतच, एकाच दिवसाची दोन नावं आहेत.

आता गंमत. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियनने मोजलं तर तो दिवस येतो १ मार्च १६३०. दहा दिवसांचा फरक. हे सांगितल्यावर वर्गात एकच गोंधळ, “म्हणजे शिवजयंती फेब्रुवारीत नाहीच?” मी म्हटलं आहे, शासनाची सुट्टी आहे, लेझीम आणा. पण मागच्या बाकावरच्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं, मला दिसलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेसातला पूजन, पाळणा, पोवाडा, तलावपाळीपर्यंत मिरवणूक. ढोल चार, ताल साडेतीन. मी भाषणात एवढंच घुसवलं की शिवरायांवरचा पोवाडा महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये लिहिला, टिळकांचा रायगडावरचा उत्सव त्याच्या बऱ्याच नंतरचा. मोठ्या बाईंनी घड्याळ दाखवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्यापासून दहावीचा बोर्डाचा पेपर, आमची शाळा केंद्र आहे. जिन्यासमोरचा फळा भिंतीवरून काढा असा आदेश आला, परीक्षार्थींना दिसेल असं छापील काही नको. चिकटवलेलं सगळं उचकटलं, दोन चार्ट फाटले, विठ्ठलाच्या लग्नाचा मांडव निम्मा गेला. फळा आता तळमजल्यावर प्रयोगशाळेबाहेर. तिथे उजेड कमी, पण निदान पोरं पाणी प्यायला येतात तेव्हा थांबतील. उद्या २१ ला मातृभाषा दिन, ढाक्याला १९५२ मध्ये बांगला भाषेसाठी पोरांनी जीव दिला तो दिवस, तो वर्गातच पाच मिनिटांत करणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुट्टी. गट ५ मधली तीन पोरं पालकांबरोबर अंबरनाथला गेली, शिलाहारांच्या काळचं देऊळ, शके ९८२ म्हणजे १०६०. रांगेत चार तास आणि एकही फोटो धड नाही, सगळ्यांत लोकांची डोकी. मी कोपिनेश्वरला लांबूनच हात जोडले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथदिंडी सकाळी साडेआठला, पेपरवाले अकराला बसतात म्हणून त्याआधी सगळं गुंडाळायचं होतं. पालखी, टाळ, नऊवारीतल्या मुली, सगळं झकास, आणि गेटवर फ्लेक्स उलगडला तर त्यावर दोन फूट अक्षरांत ‘मराठी राजभाषा दिन’. मी दुकानदाराला नीट लिहून दिलं होतं. राजभाषा दिन १ मे ला, आजचा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, १९१२. दरवर्षी कुठे ना कुठे हा घोळ होतो, म्हणून गेले चार आठवडे वर्गात घोकून घेतलं होतं. पोरांनीच चार्ट पेपरची पट्टी कापली, ‘गौरव’ लिहिलं, फेविकॉल लावला. पट्टी वाकडी, वाऱ्याने फडफडत होती, खालून ‘राजभाषा’ डोकावत होतं. पाहुण्यांनी भाषणात अभिजात दर्जाचा उल्लेख केला, ३ ऑक्टोबर २०२४ नंतरचा हा पहिलाच गौरव दिन. पण त्यांनीही शेवटी “राजभाषा दिनाच्या शुभेच्छा” दिल्याच. सातवी ब चा आवाज आला, “गौरव!” मोठ्या बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी चप्पल नीट करत होते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन, रामन परिणाम, १९२८. विज्ञानाच्या बाईंनी शेजारची भिंत घेतली. आमचा फळा पूर्ण. काल माघ संपला, आज फाल्गुन लागला.

मागच्या बाकावरच्याने वही उघडून रथसप्तमीच्या तारखा दाखवल्या, २०२४ ला १६ फेब्रुवारी, यंदा ४ फेब्रुवारी, २०२६ ला २५ जानेवारी, २०२७ ला १३ फेब्रुवारी. २०२७ ला पुन्हा पुढे उडी का, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे पुढच्या वर्षी माघी गणपती, वसंत पंचमी, रथसप्तमी तिन्ही जानेवारीतच उरकणार, फेब्रुवारीत उरणार फक्त महाशिवरात्र. त्याचं म्हणणं, बाई, फळ्याचं नावच चुकलंय. मी म्हटलं मोठ्या बाईंना तू विचार. तो गेला, वही घेऊन गेला, दहा मिनिटांनी परत आला. नवं शीर्षक आता असं आहे: ‘माघातले सण, फेब्रुवारीतले दिवस’. जुनी थर्माकोलची अक्षरं कमी पडली, ‘घ’ नव्हता, म्हणून तो रथसप्तमीच्या पुठ्ठ्यातून कापला, जरा जळका आहे.

सुगडं नऊ शिल्लक, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत. पुढच्या वर्षी २५ जानेवारी रविवार आहे. आदल्या रात्री भिजवायची.